गुलामन : शेजारणीने पाठवलेल्या वाटीचा इतिहास



मागच्या रविवारी बस्तीतून अभिषेक आटोपून घरी येते न येते, तोच धाकट्या लेकीचा फोन आला. ती नोकरीनिमित्त दुबईला असते. तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये फिलिपिन्सची एक बाई राहते, मनिलाच्या बाजूची. जाता-येता दोघींचं बोलणं होतं, सणावाराला देवाणघेवाण होते. त्या दिवशी त्या बाईने काचेची वाटी भरून काहीतरी गोड पाठवलं होतं. हिरवेगार जेलीचे चौकोनी तुकडे, शहाळ्यातल्या मलईच्या लांब पट्ट्या आणि सगळ्यावर दाट गोड साय. लेकीने व्हिडिओवर वाटी दाखवली आणि विचारलं, "आई, खाऊ का गं?"

मी म्हटलं, "जेली कशाची आहे ते विचारलंस का?"

"विचारलं. ती म्हणाली, गुलामन."

"गुलाम?"

"गुलाम नाही गं, गुलामन. यापुढचं मला कळलं नाही आणि सारखं सारखं विचारायला बरंही वाटलं नाही."

मी तिला थांबायला सांगितलं. आपल्या मर्यादेच्या हिशेबात दुधाची वस्तू थांबवून ठेवायची म्हणजे ती गेलीच, हे मला कळत होतं. पण न कळता खाण्याचा एक अनुभव माझ्या पदरी आहे, म्हणून थांबवलं.

लग्नानंतरचं माझं पहिलंच वर्ष. धाकट्या दिरांचा वाढदिवस होता आणि मला नव्या सुनेची हौस. शहरातल्या मोठ्या दुकानातून जेलीचं पाकीट आणलं, गरम पाण्यात कालवलं, शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवून घट्ट केलं. लाल, थरथरणारी, आरपार दिसणारी. घरातल्या सगळ्यांनी खाल्ली. कंदमूळ सोडलेल्या, पाणी गाळल्याशिवाय न पिणाऱ्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या माझ्या सासूबाईंनीही सुनेच्या कौतुकाने दोन चमचे घेतले. तेव्हा पाकिटावर हिरवा ठिपका नसायचा, तो २००१ च्या सुमारास आला. पुढे तीन-चार वर्षांनी पाठशाळेत एका ताईंनी सांगितलं की जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. महिनाभर त्यांनी एकाशन केलं, आणि कशासाठी ते कोणालाही सांगितलं नाही. ते मौन मला आजही बोचतं.

म्हणून लेकीच्या त्या 'गुलामन'च्या मागे मी लागले. दुपारभर वाचलं, मग आठवडाभर वाचत राहिले. जेली कशाची एवढंच बघायचं होतं. हातात मात्र एका समुद्रातल्या गवताची अडीचशे-तीनशे वर्षांची गोष्ट आली.

आधी मुद्द्याचं सांगते. गुलामन जिलेटिन नाही. ते समुद्रशेवाळापासून होतं. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो, दुधात शिजवून ज्याच्या वड्या पाडतो, ते त्याचंच भावंड. (चायना ग्रास हे गवत नाही, आणि आपल्याकडे मिळतं ते चीनचंच असतं असंही नाही. पण नाव पडलं ते पडलं.) मलय भाषेत याला 'अगर-अगर' म्हणतात, तोच शब्द जगभर पसरला. जपानी लोक 'कांतेन' म्हणतात. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत गुलामन.

हा शब्द जुना आहे. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं तेव्हा ख्रिस्ती पाद्री तिथल्या भाषांचे कोश करत. हुआन दे नोसेदा आणि पेद्रो दे सानलुकार या दोघा पाद्र्यांचा तागालोग भाषेचा मोठा कोश १७५४ साली मनिलात छापला गेला. त्यात 'गोलामन' हा शब्द आहे, समुद्रात वाढणारी खाण्याची वनस्पती या अर्थाने. म्हणजे त्या काळी गुलामन हे जेलीचं नाव नव्हतं, झाडपाल्याचं नाव होतं. आपल्याकडे 'अंबाडी' म्हटलं की भाजीही आली आणि वाखही आला, तसंच काहीसं.

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटं. घराच्या अंगणापुढे समुद्र. ओहोटी लागली की बायका-पोरं टोपल्या घेऊन खडकांवर उतरणार आणि शेवाळ गोळा करणार, ही तिथली रानभाजी वेचण्याची रीत. उत्तरेकडे इलोकोस प्रांतात 'गामेत' नावाचं काळं पातळ शेवाळ थंडीच्या दिवसांत लाटांच्या माऱ्यातल्या खडकांवरून खरवडतात. 'लातो' नावाचं एक असतं, त्याला हिरव्या मोत्यांचे घोस लागल्यासारखे दिसतात. ते कच्चंच टोमॅटोबरोबर खातात. मधल्या विसाया बेटांवर 'गुसो' असतं, ते उकळत्या पाण्यातून काढून आंबट घालून कोशिंबिरीसारखं करतात. गुलामनही या भाज्यांच्या पंगतीतलंच. गोडात ते नंतर गेलं.

ते गोडात कसं गेलं हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण ज्या बाईने स्वयंपाक केलाय तिला अंदाज येतो. शेवाळ जास्त शिजलं, पातेलं तसंच राहिलं आणि निवल्यावर बघते तो रस्सा थिजलेला! मनिलाच्या उकाड्यात, बर्फ नाही, फ्रीज नाही, तरीही थिजलेला. मग त्यातला समुद्राचा वास आणि रंग घालवायची युक्ती आली. शेवाळ गोड्या पाण्यात धुवायचं, उन्हात पसरायचं, पुन्हा भिजवायचं, पुन्हा उन्हात. जांभळट-तपकिरी रंग उतरत उतरत पांढुरका होतो. आपण कुरडयांचा चीक काढताना गहू दिवसांमागून दिवस भिजवतो आणि रोज पाणी बदलतो, ती चिकाटी इथे आठवते. मग हे पांढरं झालेलं शेवाळ भरपूर पाण्यात उकळायचं, कापडातून गाळायचं आणि ताटात ओतायचं. गार झालं की सुरीने तुकडे.

हे 'गार झालं की' फार महत्त्वाचं आहे, जिलेटिन आणि गुलामन यांच्यातला सगळा फरक त्यातच आहे. जिलेटिनची जेली आपल्या उन्हाळ्यात टेबलावर ठेवली की पाणी होते. शेवाळाची जेली साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान थिजते, म्हणजे नुसत्या ओट्यावर ठेवली तरी चालतं. आणि एकदा थिजली की पुन्हा वितळायला जवळजवळ ८५ अंश लागतात. म्हणून उष्ण देशांतल्या बायकांनी हाडांच्या जेलीच्या वाटेला जायचं कारणच नव्हतं. ज्यांच्याकडे बर्फ पडतो त्यांचं ठीक आहे.

या ८५ अंशांवरून एका बाईची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. फॅनी हेस तिचं नाव. जन्म १८५० चा, न्यूयॉर्कचा. लग्न होऊन जर्मनीला गेली. नवरा वॉल्थर हेस डॉक्टर, बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतूंवर काम करायचा. तेव्हा जंतू वाढवायला जिलेटिनचा थर वापरत. उन्हाळा आला की थर वितळायचा, काही जंतू तर तो थरच पातळ करून टाकायचे. नवरा वैतागलेला. १८८१ च्या सुमाराची गोष्ट. त्याने बायकोला विचारलं, तुझ्या जेल्या आणि पुडिंगं या उकाड्यातही कशी टिकतात? ती म्हणाली, अगर-अगरने. न्यूयॉर्कला लहानपणी तिच्या शेजारी एक डच कुटुंब होतं, ते पूर्वी जावा बेटावर राहिलेलं. त्यांच्याकडून तिला हे कळलं होतं. नवऱ्याने प्रयोगशाळेत अगर वापरून पाहिलं आणि ते जमलं. १८८२ मध्ये कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्याचं जाहीर केलं, त्या लेखात अगरचा उल्लेख आहे. फॅनीचा नाही. आजही कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त-लघवीचं 'कल्चर' लावतात ते याच शेवाळाच्या थरावर. जावाच्या कुठल्याशा स्वयंपाकघरातून एका शेजारणीकडे, शेजारणीकडून फॅनीकडे आणि तिच्याकडून साऱ्या जगाकडे! माझ्या लेकीची वाटीही शेजारणीकडूनच आली होती, हे लिहिताना जाणवलं.

जपानचंही थोडं सांगते. १६५८ च्या हिवाळ्यात क्योतोजवळच्या फुशिमी गावी मिनोया तारोझाएमोन नावाच्या खाणावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली बाहेर टाकली. ती रात्री गोठली, दिवसा वितळली, असं होत होत कोरडी ठणठणीत झाली. ती पुन्हा उकळली तर जेली परत तयार! 'कांतेन'ची गोष्ट अशी सांगतात. यातून वाळवलेल्या कांड्या आणि पट्ट्यांचा धंदा उभा राहिला. फिलिपिन्सच्या बाजारात आज गुलामनच्या ज्या हलक्या, कुरकुरीत, चौकोनी कांड्या मिळतात त्या याच कुळातल्या. पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. चव काही नाही, वासही नाही. पाण्यात भिजवायच्या, हाताने कुस्करायच्या, उकळायच्या. साखर आणि सुवास आपण घालायचा.

आणि सुवास घालायचा तो पांदानच्या पानाचा. लांब हिरवं पान, आपल्या केवड्याच्या कुळातलं. भाताला बासमतीसारखा वास येतो त्याने. माझ्या लेकीच्या वाटीतला तो हिरवा रंग आणि सुवास त्याचा. त्या पदार्थाचं नाव 'बुको पांदान'. बुको म्हणजे शहाळं. नाताळच्या जेवणात, लग्नकार्यात, वाढदिवसाला हे असणारच.

पण रोजच्या जगण्यातलं गुलामन पाहायचं तर रस्त्यावरच्या गाडीकडे जावं लागतं. तिथे ते प्यायलं जातं! दुपारी तीन-चारला, ज्याला ते 'मेरियेन्दा' म्हणतात त्या वेळेला, मोठ्या काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. पेल्यात खाली गुलामनचे तुकडे, साबुदाण्यासारखे मोठे टपोरे दाणे, वरून तपकिरी साखरेचा पाक, पाणी, बर्फाचा चुरा. याला म्हणतात 'सागोत गुलामन', म्हणजे साबुदाणा आणि गुलामन. आपल्याकडच्या उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाला जी जागा, ती तिथे या पेल्याला. शाळेतून सुटलेली पोरं, बाजारातून आलेल्या बायका, हमाल, सगळेच थांबणार.

त्या एका पेल्यात किती देश आहेत पाहा. पाकाला ते 'आर्निबाल' म्हणतात, तो स्पॅनिश 'अल्मीबार', आणि तो स्पॅनिश लोकांनी अरबांकडून घेतलेला. सागो हा मलय भाषेकडचा शब्द. पूर्वी हे दाणे ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या पिठाचे असत, विसाया बेटांवर बुरी ताडाच्या पिठाचे 'लांदांग' नावाचे दाणे आजही करतात. आता मात्र बहुतेक दाणे टॅपिओकाचे. टॅपिओकाचं कंद मूळचं अमेरिकेचं, स्पॅनिश अमलात समुद्र ओलांडून आलेलं. १५६५ ते १८१५, म्हणजे अडीचशे वर्षं, मेक्सिकोचं आकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये स्पॅनिश जहाजांची ये-जा होती. तिकडून काय काय आलं! तागालोगमध्ये या कंदाला म्हणतात 'कामोतेंग काहोय', म्हणजे लाकडी रताळं. आपला साबुदाणाही तामिळनाडूत याच कंदापासून होतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून तर आपल्याकडे जाणत्या घरांत साबुदाणा शिजत नाही. शेजारची वहिनी उपासाची खिचडी आग्रहाने आणते तेव्हा 'आमच्यात नाही चालत हो' म्हणताना किती अवघड होतं, ते काय सांगायचं.

आणि बर्फ? तो सगळ्यात शेवटी आला. १८९८ मध्ये स्पेन जाऊन अमेरिका आली आणि १९०२ मध्ये मनिलात सरकारी बर्फाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या जवळच कियापो भागात किन्ता नावाचा बाजार होता. तिथे जपानी दुकानदार गोड शिजवलेल्या कडधान्यावर किसलेला बर्फ आणि दूध घालून विकायचे. त्याला म्हणत 'मोंगो कोन येलो', बर्फातले मोंगो. मोंगो म्हणजे आपले मूग! त्यात फिलिपिनो लोकांनी आपापल्या आवडीचं भरत नेलं. गुलामन, शहाळं, फणस, केळी, जांभळा कंद, वर अंड्याचं फ्लान. झालं 'हालो-हालो', म्हणजे 'मिसळ-मिसळ'. नाव ऐकून मला आपली मिसळच आठवली. जांभळा कंद आणि अंडं पाहून मी ते पान लगेच उलटलं, पण मूग-बर्फाची कल्पना वाईट नाही. उन्हाळ्यात करून बघेन म्हणते.

तर बर्फ, फ्रीज, टिन, पाकिटं असं एकेक आलं आणि मग गडबड सुरू झाली. अमेरिकन पाकिटांबरोबर 'जेलाटिन' हा शब्द घरोघर गेला. आज तिथे पुष्कळ जणी गुलामनलाही सहज 'जेलाटिन' म्हणतात. पाकिटावर एक, आत दुसरं, बोलण्यात तिसरं. कुठे 'जेलाटिन' म्हणून शेवाळाचीच पूड, कुठे खरोखर हाडांची. शिवाय हल्लीच्या गुलामनच्या पुडीत पुष्कळदा अगर नसून कॅराजीनन असतं. तेही समुद्रशेवाळातूनच येतं, पण दुसऱ्या जातीच्या. पाकिटावर आकडा शोधायचा असेल तर ४०६ म्हणजे अगर, ४०७ म्हणजे कॅराजीनन. आपल्या दुकानी आईस्क्रीमच्या आणि चॉकलेटच्या दुधाच्या डब्यावर ४०७ पाहिला असेल. तो कुठून येतो हे मात्र मला या आठवड्यातच कळलं.

तो येतो फिलिपिन्सच्या दक्षिण टोकाकडून, सुलू आणि तावी-तावी बेटांकडून. कॅराजीननचं शेवाळ पूर्वी जंगली उगवायचं ते ओरबाडून आणायचे. मागणी वाढली, समुद्र रिकामा व्हायला लागला. मग हवाई विद्यापीठातले मॅक्सवेल डॉटी हे वनस्पतिशास्त्रज्ञ, तिथलं मत्स्य खातं आणि एक कंपनी यांनी मिळून १९७० च्या आसपास शेवाळाची शेती करून पाहिली, ती सुलूमधल्या सियासीजवळ जमली. उथळ समुद्रात खुंट ठोकायचे, दोऱ्या ताणायच्या आणि दोरीला शेवाळाचे छोटे छोटे तुकडे बांधत जायचे. बी नाही, खत नाही, पाणी घालायचा प्रश्नच नाही! दीड-दोन महिन्यांत एकेका तुकड्याचा झुबका होतो. त्यातला थोडा पुढच्या लागवडीला, बाकी उन्हात. सात-आठ किलो ओलं वाळवावं तेव्हा किलोभर हाती लागतं. तुकडे बांधायचं काम मुख्यतः बायकांचं, घरापुढे सावलीत बसून, पोरांना सांभाळत. पाण्यावर खांबांची घरं, खाली समुद्राचं शेत. ही माणसं बहुतेक मुसलमान, तौसुग आणि सामा जमातींची. डुकराचं जिलेटिन त्यांनाही वर्ज्य. म्हणजे जे वर्ज्य त्याच्या जागी चालणारी वस्तू जगाला पुरवणारे हात, ज्यांनी स्वतःही ते वर्ज्य मानलंय त्यांचेच. हे वाचून मी जरा वेळ तशीच बसले.

पण सुख नाही त्यात. पाणी फार तापलं, खारेपणा घटला की शेवाळाच्या फांद्या पांढऱ्या पडून तुटून जातात. या रोगाला तिथे म्हणतात 'आइस-आइस'. बर्फाच्या पेल्यात जाणाऱ्या वस्तूला बर्फाच्याच नावाचा रोग! वादळ आलं की खुंट-दोऱ्यांसकट सगळं जातं. आणि भाव ठरवणारा व्यापारी कुठेतरी लांब असतो, हे तर आपल्या द्राक्षवाल्यांना आणि कांदेवाल्यांना वेगळं सांगायला नको. कित्येक वर्षं फिलिपिन्स यात जगात पहिला होता, आता इंडोनेशिया पुढे गेला.

यातलं एक रोप आपल्याकडेही आलंय. फिलिपिन्सच्या मूळ जातीचं हे शेवाळ १९८४ मध्ये जपानमार्गे भारतात आणलं गेलं. भावनगरच्या सरकारी संशोधन संस्थेने ते आणून तामिळनाडूत मंडपमला, रामेश्वरच्या अलीकडे, समुद्रात वाढवलं. पुढे तिथल्या कोळी बायकांनी त्याची शेती केली. आपण चायना ग्रास म्हणून आणतो त्याचं शेवाळही त्याच किनाऱ्यावरच्या बायका पूर्वीपासून काढतात, बोटांना चिंध्या गुंडाळून, पायाला पत्र्याचे तुकडे बांधून, बुड्या मारून. रामेश्वरला जाऊन आलेल्या आपल्यातल्या कितीजणींनी तो समुद्र पाहिला असेल, पाण्याखालच्या बायका मात्र नसतील दिसल्या. मलाही नव्हत्या दिसल्या.

आणि त्याच समुद्रातली एक गोष्ट खटकली. बाहेरून आणलेलं ते शेवाळ सुटून कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरलं आणि त्याखाली जिवंत प्रवाळ गुदमरले, असं शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये नोंदवलं. प्रवाळ म्हणजे जीवच.

इथपर्यंत आल्यावर माझ्याच स्वयंपाकघराचा प्रश्न समोर आला. गेली वीस-पंचवीस वर्षं मी जिलेटिन नको म्हणून चायना ग्रास वापरते. पाहुण्यांना अभिमानाने सांगते, 'आमच्याकडे शुद्ध शाकाहारी पुडिंग हं'. पण ते शेवाळ आहे हे मी मनावर कधी घेतलंच नव्हतं. काई-शेवाळ आपल्या शास्त्रात अनंतकायात मोजतात. बटाटा एका कारणाने सोडायचा आणि त्याच कारणाची दुसरी वस्तू पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपात डब्यात ठेवायची? जावेला विचारलं, ती म्हणाली, "वाळलेलं आहे, उकळलेलं आहे, आता कुठे जीव त्यात?" मग बटाटाही उकळल्यावर कुठे असतो, असं मी म्हटलं आणि आम्ही दोघी हसलो. गावात चातुर्मासाला आलेल्या माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "कळलं ना? मग आता विचार करून ठरव." एवढंच. तुम्हाला काय करा हे मी सांगणार नाही. काही घरांत चालतं, काही घरांत नाही, आणि मांसाहारी जिलेटिनच्या पंक्तीला ते बसत नाही हे तर खरंच. माझ्यापुरतं सांगते. डब्यात दोन पाकिटं होती, ती कामाला येणाऱ्या मावशींना दिली. पुडिंगाला आता कॉर्नफ्लॉवर घालते. थरथरत नाही तेवढं.

लेकीला सगळं सांगितलं. हाडांचं नाही, समुद्राचं आहे, आणि आपल्याला तेही नको. वाटी तोवर तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने संपवली होती. रिकामी वाटी परत करायची नाही हे तिला लहानपणापासून माहीत, म्हणून घरून नेलेली शेंगदाण्याची चिक्की भरून तिने ती परत दिली. 'तुझं गुलामन मी खाल्लं नाही, आमच्यात चालत नाही', हेही तिने सांगून टाकलं. मला भीती होती की शेजारणीला वाईट वाटेल. पण ती चिक्कीकडे बघतच राहिली म्हणे. तिच्या देशात बातांगास नावाच्या प्रांतात गुळासारख्या साखरेत शेंगदाणे घालून अशाच गोल वड्या थापतात. त्यांना म्हणतात 'पानुत्सा'. तिने तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि विचारलं, तुझ्या आईने पाक एवढा कडक कसा केला?

आता मला त्याचं माप लिहून पाठवायचंय.